एकाच वेळी किती दिवे?

नव्या इमारतीत वीज घ्यावयाची झाली, म्हणजे रस्त्यातील मुख्य तारेपासून त्या इमारतीपर्यंत किती जाडीची तार आणावी, हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो. प्रश्न दिसतो साधा. समजा, इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येक बिऱ्हाडातील दिवे, पंखे, पाणी तापविण्याचा बंब, इस्त्री असा सगळा सरंजाम मिळून ५ किलोवॅट भरतो. सोळा पंचे ऐंशी; तेव्हा ८० किलोवॅट वाहून नेणारी तार आणावी, असे कोणताही शाळकरी मुलगा सांगेल. गुणाकार बरोबर आहे. उत्तर मात्र चूक आहे. एका घरी स्नानाचे पाणी तापत असते, त्या वेळी दुसऱ्या घरी नुकता चहा होत असतो, तिसऱ्या घरची मंडळी गावी गेलेली असतात आणि चौथ्या घरी सारे झोपलेले असतात. सोळाही घरांतील यच्चयावत् वस्तू एकाच क्षणी चालू व्हाव्यात, हा योग सहसा येत नाही.

मग खरा आकडा कोणता धरावा? तो फार मोठा धरला, तर तांब्याच्या तारेत, रोहित्रात आणि यंत्रांत विनाकारण पैसा गुंतून पडतो आणि त्याचा बोजा अखेर विजेच्या दरावर येतो. फार लहान धरला, तर तार तापते. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. आणि तारेवरील आवरण वितळू लागले म्हणजे आगीला वाट मिळते. या दोन संकटांच्या मधला आकडा, म्हणजे इमारतीची कमाल मागणी, आधीच अजमावण्याचे शास्त्र एका दिवसात जन्माला आलेले नाही. ते कसे घडत गेले, हे पाहू लागले असता यंत्रांइतकीच माणसांच्या सवयींचीही हकिकत सांगावी लागते.

एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजघर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्येही विजेच्या दिव्यांचा प्रयोग झाला. परंतु तो करणारी कंपनी फार काळ टिकली नाही. त्या आरंभीच्या काळात विजेचा व्यापार म्हणजे दिव्यांचा व्यापार होता. किती दिवे लावावयाचे, तेवढी यंत्रे बसवावयाची, असा सरळ हिशेब असे. काही ठिकाणी आकारही दिव्यांच्या संख्येवरच घेत असत.

लवकरच या हिशेबातील अडचण ध्यानात आली. विजेची स्पर्धा होती ती गॅसच्या दिव्यांशी. गॅसच्या कारखान्यात रात्रंदिवस गॅस तयार करून प्रचंड टाक्यांत साठवून ठेवता येई आणि संध्याकाळी दिवे लागले की तो साठा वापरता येई. विजेचे तसे नाही. विद्युत्‌घटांत थोडीफार साठवण होई खरी, परंतु ती खर्चाची असे. गिऱ्हाइकाने कळ दाबली, की त्याच क्षणी वीजघरातील यंत्राने तितका भार उचलला पाहिजे. म्हणजे संध्याकाळच्या दोन-तीन तासांच्या झगमगाटासाठी बसविलेली यंत्रे उरलेला सारा दिवस जवळजवळ रिकामी बसत. त्यांच्या भांडवलावरील व्याज मात्र बावीस तास विश्रांती घेत नसे.

या गोष्टीचा अर्थ स्वच्छ शब्दांत प्रथम मांडला तो डॉ. जॉन हॉपकिन्सन या ब्रिटिश इंजिनियराने. मँचेस्टर येथे १८४९ साली जन्मलेला हा गृहस्थ १८७१ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला होता. दीपगृहांच्या प्रकाशयोजनेवर त्याने काम केले होते आणि विजेच्या वितरणातील तीन तारांची पद्धतही त्याने शोधून काढली होती. १८९२ सालच्या नोव्हेंबरात लंडनमधील तरुण इंजिनियरांच्या एका संस्थेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्याने विजेच्या खर्चाचे दोन भाग पाडले. एक भाग प्रत्यक्ष जाळलेल्या कोळशाचा. तो वापरलेल्या युनिटांबरोबर कमीजास्त होतो. दुसरा भाग तयारीचा. गिऱ्हाईक दिवा लावो वा न लावो, त्याने मागितली की वीज देता यावी म्हणून यंत्रे, तारा आणि माणसे सज्ज ठेवावी लागतात. हा खर्च त्याच्या कमाल मागणीवर अवलंबून असतो.

उदाहरण घेतले म्हणजे मुद्दा पटतो. एक सराफ दहा दिवे संध्याकाळी फक्त एक तास लावतो. त्याच रस्त्यावरील एक खानावळवाला तेवढेच दहा दिवे रोज दहा तास जाळतो. दोघांसाठीही वीजघराला सारख्याच शक्तीचे यंत्र राखून ठेवावे लागते. परंतु खानावळवाला दसपट युनिटे विकत घेतो. दोघांना प्रत्येक युनिटास एकच दर लावला, तर सराफासाठी केलेल्या तयारीचा खर्च खानावळवाल्याच्या खिशातून निघतो. हॉपकिन्सनचे म्हणणे असे, की आकारणीही दोन अंगांची असावी: तयारीबद्दल एक रक्कम आणि वापराबद्दल दुसरी. आज कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या वीजबिलांत कमाल मागणीचा म्हणून जो निराळा आकार असतो, त्याचे मूळ या विचारात आहे. हॉपकिन्सनला मात्र आपल्या विचाराचा पुढचा विस्तार पाहावयास मिळाला नाही. २७ ऑगस्ट १८९८ रोजी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात चढाई करताना एक मुलगा व दोन मुली यांच्यासह तो मृत्यू पावला.

विचार झाला, परंतु गिऱ्हाइकाची कमाल मागणी मोजावी कशी? युनिटे मोजणारा मापक महिन्याची बेरीज सांगतो. त्या महिन्यातील सर्वांत भारी वेळ कोणती होती, हे तो सांगत नाही. ही उणीव ब्रायटन या इंग्लंडमधील समुद्रकाठच्या शहराचा विद्युत् इंजिनियर आर्थर राइट याने भरून काढली. त्याचे उपकरण पाहिले तर गमतीचे होते. काचेच्या वाकविलेल्या बंद नळीत थोडा द्रव भरलेला असे. नळीच्या एका टोकाच्या फुग्याभोवती तार गुंडाळलेली असे आणि गिऱ्हाइकाचा प्रवाह तिच्यातून जाई. प्रवाह वाढला, की फुग्यातील हवा तापून फुगे आणि द्रवाला दुसऱ्या बाजूला रेटी. त्यातील काही द्रव शेजारच्या मोजनळीत सांडे. एकदा सांडलेला द्रव परत फिरत नसे. महिनाअखेर माणूस येई, द्रव कोठवर चढला आहे ते टिपून घेई आणि नळी कलती करून ती पुन्हा पहिल्यासारखी करी.

या उपकरणात एक गुण आपोआप आला होता. हवा तापावयास काही मिनिटे लागत. त्यामुळे क्षणभर उसळलेला प्रवाह ते मोजीतच नसे. काही वेळ टिकलेली मागणी तेवढी त्यात उमटे. आणि हे योग्यच होते, कारण तार आणि यंत्र यांनाही तापावयास वेळ लागतो. आजचे विद्युत् मापक कमाल मागणी मोजतात तीसुद्धा क्षणाची नसते; पंधरा मिनिटे किंवा अर्धा तास अशा ठराविक अवधीच्या सरासरीवरून ती काढलेली असते. राइटच्या काचेच्या नळीने जे सहज केले, तेच पुढे नियम म्हणून रूढ झाले.

ब्रायटनची ही पद्धत अमेरिकेत नेली ती सॅम्युएल इन्सल याने. लंडनमध्ये जन्मलेला इन्सल १८८१ साली एडिसनचा खासगी चिटणीस म्हणून अमेरिकेस गेला आणि १८९२ साली शिकागो येथील एडिसन कंपनीचा अध्यक्ष झाला. १८९४ च्या हिवाळ्यात तो इंग्लंडात आला असता ब्रायटनमधील लहानसहान दुकानांतूनही विजेचे दिवे जळताना त्याला दिसले. त्यामागे राइटची दरपद्धती आहे असे कळल्यावर त्याने ती शिकागोस आणविली. परंतु इन्सलची नजर एका गिऱ्हाइकाच्या मापकापाशी थांबली नाही. अनेक गिऱ्हाइकांची मागणी एकत्र केली तर काय होते, हे त्याने पाहिले.

शिकागोच्या उत्तर भागातील राहत्या घरांच्या एका समूहाचे उदाहरण तो आपल्या व्याख्यानांत देत असे. त्या घरांत विजेची १८९ गिऱ्हाइके होती. प्रत्येकाची स्वतंत्र कमाल मागणी मोजून बेरीज केली, ती ६८.५ किलोवॅट भरली. परंतु सर्वांना मिळून वीज पुरविणाऱ्या ठिकाणी मोजले, तेव्हा एका वेळची मोठ्यात मोठी मागणी निघाली अवघी २० किलोवॅट. प्रत्येकाचा भारी क्षण निराळा होता, म्हणून सुमारे साडेतीन पटींच्या मागणीला एक पट यंत्र पुरले. या प्रमाणाला विद्युत्‌शास्त्रात विविधतेचा गुणक असे नाव पडले. १८९ घरांनी स्वतंत्रपणे आपापली यंत्रे बसविली असती, तर त्यांना ६८.५ किलोवॅटची तजवीज करावी लागली असती. एकत्र आल्याने तेवढ्याच दिव्यांना २० किलोवॅट पुरले. वीज सामान्य माणसाच्या ऐपतीत आली, त्याचे एक मोठे कारण या बेरजेत आहे.

विविधतेचा हा लाभ सगळीकडे सारखा मिळत नाही. मुंबईच्या गिरण्या हे त्याचे जवळचे उदाहरण. टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यास बसविण्यात आली आणि बरोबर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९१५ रोजी, खोपोलीच्या वीजघराचे उद्घाटन झाले. घाटमाथ्यावरील तलावांतून सुमारे १,७०० फूट खाली उतरणारे पाणी खोपोलीची चक्रे फिरवू लागले आणि ती वीज परळपर्यंत येऊन गिरण्यांना मिळू लागली. परंतु गिरणीचा भोंगा एकदा झाला, की सर्व चाती आणि सर्व माग एकदमच चालू होतात, शेजारच्या गिरणीतही तेच घडते. एकेका गिरणीची कमाल मागणी आणि साऱ्यांची मिळून कमाल मागणी यांत शिकागोच्या घरांइतके अंतर पडणे तेथे शक्य नव्हते.

खोपोलीच्या या योजनेवरून आणखी एक भेद उत्तम समजतो. वर्षभरात किती युनिटे देता येतील, हे पावसाळ्यात तलावात किती पाणी साठले, यावर ठरते. परंतु एका वेळी किती किलोवॅट देता येतील, हे घाट उतरणारे नळ किती रुंद आणि चक्रे किती मोठी, यावर ठरते. तलाव काठोकाठ भरलेला असला, तरी नळ अरुंद असतील तर संध्याकाळच्या मागणीला ते पुरे पडणार नाहीत. घरातही हेच खरे आहे. महिन्याचे बिल कमी येते म्हणून तार बारीक चालेल, असे नाही. बिल तलावाचे असते, तार नळाची असते.

इमारतीच्या आतील तारांचे नियम इंग्लंडात १८८२ सालीच प्रथम तयार झाले. त्यांचा रोख आगीवर होता. विद्युत् इंजिनियरांबरोबर विमा कंपन्यांनाही त्यांची आस्था होती. पुढे घरात दिव्याखेरीज इस्त्री, शेगडी, पाण्याचा बंब अशा वस्तू येऊ लागल्या आणि प्रत्येक वस्तूची पूर्ण शक्ती धरून तार घालणे परवडेनासे झाले. मग अनुभवावरून सवलतींचे कोष्टक बनत गेले. ब्रिटिश परंपरेतील अशा कोष्टकात राहत्या घरातील दिव्यांची एकूण शक्ती ६६ टक्के धरतात. लहान हॉटेलात ७५ टक्के आणि दुकानात किंवा कचेरीत ९० टक्के. या तीन आकड्यांत तीन प्रकारचे जीवन आहे. घरातील माणूस खोली सोडताना दिवा मालवितो. दुकानदार दुकान उघडतो तेव्हा सारेच दिवे लावतो.

विजेच्या शेगडीचा नियम तर याहून सूक्ष्म आहे. तिच्या पहिल्या १० अँपियरांवर सवलत नाही. उरलेल्या प्रवाहाचे ३० टक्केच धरावयाचे. म्हणजे ३० अँपियरची शेगडी असेल, तर १० आणि २० चे ३० टक्के म्हणजे ६, असे १६ अँपियर. कारण शेगडीचे सर्व भाग एकदम पूर्ण तापवून कोणी स्वयंपाक करीत नाही, आणि तापलेली पट्टी मधूनमधून आपोआप बंद होते. उलट, पाणी साठवून आपोआप तापविणाऱ्या बंबाला काहीच सवलत नाही. तो आपल्या मर्जीने चालू होतो आणि बराच वेळ चालतो. घरातील इतर कामांशी वेळ ठरवून तो चालत नाही. कोठे सवलत द्यावी, याइतकेच कोठे देऊ नये, हेही ठरविणे या विद्येत महत्त्वाचे असते.

दुसऱ्या महायुद्धाने या विचाराला मोठी चालना दिली. बाँबहल्ल्यांनी ब्रिटनमधील असंख्य घरे पडली होती. युद्धानंतर ती बांधावयाची होती आणि तांब्याची चणचण होती. १९४२ साली नेमलेल्या विद्युत् इंजिनियरांच्या समितीत कॅरोलीन हॅस्लेट या एकच स्त्री सभासद होत्या. घरातील विजेचा वापर गृहिणींच्या बाजूने समजून घेण्यात त्यांनी आयुष्य वेचले होते. समितीचा अहवाल १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यातून वर्तुळाकार तारेची पद्धत पुढे आली. सुमारे १,००० चौरस फुटांच्या घरभर एकच तार फिरवून ती मुख्य पेटीत परत आणावयाची, तिला ३० अँपियरचे संरक्षण द्यावयाचे आणि तिच्यावर ठिकठिकाणी सॉकेट बसवावयाचे. १९४७ साली त्यासाठी १३ अँपियरच्या, आत वितळतार असलेल्या प्लगचे प्रमाण ठरले. दहा सॉकेट धरले, तर कागदावर १३० अँपियर होतात. तार मात्र ३० ची. हे धाडस अंधळे नव्हते. खोल्या दहा असल्या तरी घरातील माणसे चारच असतात, ती काही दहाही ठिकाणी एकदम शेगडी पेटवीत नाहीत, या निरीक्षणावर ते उभे होते. आणि अंदाज चुकलाच, तर ३० अँपियरची वितळतार वितळावी, भिंतीतील तार जळू नये, अशी व्यवस्था सोबत होतीच. अंदाज आणि वितळतार ही जोडी फुटता कामा नये.

येथवरच्या सर्व हिशेबांच्या तळाशी एकच गृहीत गोष्ट आहे: माणसे एकाच वेळी एकच गोष्ट करीत नाहीत. ज्या वेळी ती करतात, त्या वेळी काय होते, याचेही दाखले इतिहासात आहेत. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलमधील इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांचा उपांत्य सामना संपला, तेव्हा ब्रिटनभर दूरचित्रवाणीसमोर बसलेले लोक एकदम उठले, चहाच्या किटल्या चालू झाल्या आणि सुमारे २,८०० मेगावॅटची मागणी एकाएकी वाढली.

याहून बोलका दाखला भारतातील आहे. साथीच्या दिवसांत, ५ एप्रिल २०२० रोजी, पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री ९ वाजता नऊ मिनिटे घरोघरचे दिवे मालवून पणत्या लावावयाच्या होत्या. विद्युत् जाळ्याच्या व्यवस्थापकांनी आधी अंदाज बांधला होता, की मागणी साधारण १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल. प्रत्यक्षात ती ३१,००० मेगावॅटहून अधिक उतरली. जलविद्युत्‌केंद्रांनी झपाट्याने आपली वीज कमी केली आणि दिवे पुन्हा लागताच तितक्याच झपाट्याने वाढविली. त्यामुळे जाळे शाबूत राहिले. घरांतील दिव्यांची मोजदाद अवघड नव्हती. अवघड होते ते एवढेच, की एकाच मिनिटाला किती हात कळीकडे जातील.

इतकी एकजूट रोज दिसत नाही. परंतु लहान प्रमाणात ती आता प्रत्येक मोठ्या इमारतीत शिरू लागली आहे. पूर्वी घरात दिवे आणि पंखे होते, तेव्हा पंख्याला ७० ते ८० वॅट लागत. वातानुकूलन यंत्र त्याच खोलीत दीड किलोवॅटच्या आसपास मागते. मे महिन्याच्या उकाड्यात रात्री अकरा वाजता ही यंत्रे सर्व मजल्यांवर एकदमच चालू असतात, कारण उकाडा सर्वांना सारखाच होतो. विजेच्या मोटारीही आल्या आहेत. कचेरीतून परतलेला माणूस संध्याकाळी आपली मोटार ३ किंवा ७ किलोवॅटच्या यंत्राला जोडतो, आणि त्याचे शेजारीही त्याच सुमारास परततात. इन्सलच्या १८९ घरांना जी विविधता फुकट मिळाली, ती अशा वेळी आटत जाते. दिवे आणि पंखे मोजून बांधलेल्या जुन्या इमारतीत तार तीच राहते, पेटी तीच राहते, सवयी मात्र बदललेल्या असतात.

म्हणून कमाल मागणीचा अंदाज एकदा करून कायमचा ठेवून देता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या कोष्टकातील टक्केवारी ही पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दिनक्रमाची नोंद आहे. नव्या वस्तू घरात आणताना बिऱ्हाडकरूंनी आपला वाढलेला भार कळविणे, इमारतीच्या व्यवस्थापकांनी ऐन उन्हाळ्यातील रात्रीची मागणी प्रत्यक्ष मोजून पाहणे, आणि मोटारींची भरणी मध्यरात्रीनंतरच्या रिकाम्या तासांत पाळीपाळीने करणे, हे उपाय काही फार खर्चाचे नाहीत. वितळतार वारंवार जाते म्हणून तिच्या जागी जाड तार अडकविणे मात्र फार महागात पडते. कारण मग हिशेब चुकल्याचे सांगावयास भिंतीतील जळत्या तारेवाचून कोणीच उरत नाही.